बग्गीखान्यातले धोंडीमामा

आमचा पत्ता सांगितला की लोक तो दुसऱ्यांदा विचारायचे. 'बग्गीखाना, फणसवाडी' एवढंच लिहिलेलं पत्र पोस्टमन बिनचूक आणून द्यायचा, पण शाळेत नव्याने आलेल्या एका बाईंना मी तोच पत्ता सांगितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा जपून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही तबेल्यात राहता का?"

"हो," मी म्हटलं. "मोतीच्या ठाणात."

'मोतीचं ठाण' हा शब्द काही माझा नव्हता. तो धोंडीमामांचा.

पुढे रस्त्यावर शेठजींचा तीनमजली बंगला आणि मागच्या अंगणात, पलीकडच्या रस्त्याला लागून, आमचा बग्गीखाना, अशी ती जागा होती. शेठजींच्या आजोबांच्या काळी तिथे आठ घोडे आणि पाच गाड्या होत्या म्हणे. खाली घोडे आणि गाड्या, वर माडीवर गवत आणि नोकरमाणसं. मग मोटारी आल्या. मोटारीला एक कोपरा पुरतो, त्यामुळे उरलेल्या जागेचं काय करायचं असा प्रश्न पडला, आणि घोड्यांची दोन-दोन ठाणं एकत्र करून, मध्ये विटांच्या भिंती घालून त्यांच्या खोल्या झाल्या. अशा एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो. छापखान्यात प्रुफं तपासणारे आमचे अण्णा, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवणारी मी आणि माझी धाकटी बहीण कुमुद. आई रत्नागिरीत असतानाच गेली होती.

खोली मजेची होती. मागच्या भिंतीला घोड्याची दगडी गव्हाण होती, तिच्यावर फळ्या टाकून आम्ही ओटा केला. भिंतीत हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड लोखंडी कड्या होत्या. जमीन काळ्या दगडाची आणि घोडे धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून बेताने उतरती. त्यामुळे आमच्या घरात काहीही हातातून निसटलं की ते दाराजवळच्या पन्हळीत जाऊन थांबायचं. लिंबू, बांगडी, वाटाणे. कुमुद म्हणायची, आपल्याकडे शोधाशोध करावीच लागत नाही.

आम्ही सामान लावत होतो त्या पहिल्याच दिवशी दारात एक उंच, सडपातळ म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला गुलाबी फेटा, पांढऱ्या मिशा, अंगात खाकी कोट आणि कोटाला बंगल्यातल्या जुन्या डगल्याची पितळी बटणं. त्याने आधी आमच्या तिघांच्या पायांकडे पाहिलं. मग चेहऱ्यांकडे. मग मी दोरी बांधत होते त्या कडीकडे.

"हां, उभं ऱ्हावा," तो म्हणाला. "त्या डावीकडच्या कडीला बांधू नगा. ती मोतीनं हिसकून ढिली केलीया. उजवी घ्या."

"मोती कोण?" कुमुदने विचारलं.

"तुमची जागा जिची हुती ती. लई गुणाची घोडी. पर तिला एकटं ठिवलेलं खपत नव्हतं."

हे धोंडीमामा. साताऱ्याकडचे जाधव. बंगल्यातल्या सगळ्यांत थोरल्या बाईंची, म्हणजे शेठजींच्या आईची गाडी त्यांनी तीस-बत्तीस वर्षं हाकली होती. घोडे गेले तरी मामा राहिले. आता ते नावाला रखवालदार होते आणि जिन्याखाली पूर्वी घोड्यांचा साज टांगायची जी खोली होती तिच्यात राहायचे. बायको वारलेली, मुलगी प्रभादेवीला दिलेली. तिने कितीदा बोलावलं तरी ते दोन दिवसांवर राहत नसत.

त्यांच्या लेखी तिथे अजून घोडेच राहत होते. आमच्या शेजारी पोस्टात काम करणारे एक गृहस्थ आणि त्यांची बायको होती, दोघांचं रोज सकाळी कडाक्याचं वाजायचं. मामा शांतपणे सांगायचे, "त्येंचा दोष न्हाई. ते राजाचं ठाण हाय. तिथं कुनीबी आलं तरी तापट हुतंय." पलीकडच्या टोकाला राहणारा ब्रह्मचारी शिंपी दिवसभर कुणाशी बोलत नसे, तर ती जागा निघाली सोन्या नावाच्या आंधळ्या घोड्याची. आम्हा सगळ्यांना या हिशेबाची इतकी सवय झाली की भांडण ऐकू आलं की अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "राजा बिथरला."

गाडी मात्र एक खरीच उरली होती. काळी फिटन, चामड्याचा घडी होणारा टप, पितळी दिवे. दर्शनी कमानीखाली ती मांजरपाटाची खोळ घालून उभी असायची. दर शनिवारी मामा खोळ काढत, दिवे चिंचेने घासत, टपाला तेल लावत आणि शेवटी खाली बसून चारी चाकं पाव-पाव वळवत. मी एकदा विचारलं, गाडी कुठे जायचीच नाही तर चाकं कशाला फिरवता? तर म्हणाले, "एकाच जागी भार पडला की चाक बसतंय, बाई. मानसाचंबी तसंच हाय. रोज वाईच हलावं."

कुणी घाईत असलं की त्यांना आवडत नसे. "घाई असंल त्येनं चालत जावं," हे त्यांचं एक वाक्य होतं. कोचमनने ते म्हणावं याची आम्हाला गंमत वाटायची, पण ते गमतीने म्हणत नसत. घाईतला माणूस घोड्याला चाबूक मारायला सांगतो, एवढाच त्यांचा अनुभव होता.

आधी पाय, मग चेहरा, ही त्यांची रीत मला पहिल्यांदा उद्धट वाटली होती. अण्णांच्या पायाचं झालं आणि मी तो विचार सोडून दिला.

अण्णा सकाळी सातला छापखान्यात जायचे. एके दिवशी मी शाळेला निघाले तर मामा कमानीत वाट पाहत होते. म्हणाले, "बाई, वडलांचा उजवा पाय बघितला का?"

"का, काय झालं?"

"चवडा टेकत न्हाईत. तीन दिस झालं बघतोय. कडंकडंनं चालत्यात. घोडा असा चालला तर आमी आधी नाल काढून बघतो."

संध्याकाळी मी अण्णांना पाय दाखवायला सांगितलं तर ते चिडले. काही नाही, चप्पल चावलीय, म्हणाले. मामा दारातच होते. ते आत आले, अण्णांसमोर उकिडवे बसले आणि अण्णा नको-नको म्हणत असताना त्यांनी पाय उचलून सरळ आपल्या गुडघ्यावर घेतला. तळव्याला, करंगळीच्या खाली जखम होती. काळी पडत चाललेली. अण्णांना तिची वेदनाच फारशी होत नव्हती, आणि मामांच्या मते तेच वाईट होतं.

"दुखतंय त्येची काळजी न्हाई," ते म्हणाले. "दुखत न्हाई त्येची हाय. चला, डाक्टरकडं."

"उद्या जाऊ," अण्णा म्हणाले.

"उद्या मी हाय का न्हाई कुनाला ठावं," मामा म्हणाले आणि अण्णांची काठी त्यांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, आणि आणखी आठवडा गेला असता तर बोट काढावं लागलं असतं असंही सांगितलं. त्यानंतर अण्णांनी आयुष्यभर साखरेचा चहा प्यायला नाही, आणि मामांनी सांगितलेली एकही गोष्ट टाळली नाही. महिनाभर मामा रोज संध्याकाळी येऊन जखम बघून जायचे. घोड्याच्या जखमेबद्दल ते जितकं गंभीरपणे बोलले असते तितकंच अण्णांच्या पायाबद्दल बोलायचे. आम्हाला त्यात मोठा मान मिळाल्यासारखं वाटायचं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावात रोज सभा, रोज मोर्चा, भिंती घोषणांनी भरलेल्या. गोळीबारही होऊन गेला होता आणि त्यात कुणाच्या ना कुणाच्या ओळखीतला माणूस गेला होता. आमच्या अण्णांचा आवाज घरात कधी चढत नसे, पण पेपर वाचताना ते टेबलावर हात आपटायला लागले होते. मामा या सगळ्याबद्दल अवाक्षर काढत नसत. ते मराठी, मालक गुजराती. बग्गीखान्यातले लोक त्यांना मुद्दाम छेडायचे, "मामा, मुंबई कुणाची ते सांगा." मामा म्हणायचे, "मला रस्ते ठावं हायत. मालक कोन ते कुनी मला इचारलं न्हाई."

एके दिवशी दुपारी ठाकुरद्वाराच्या बाजूने शिट्ट्या ऐकू आल्या आणि डोळे चुरचुरायला लागले. अश्रुधूर सोडला होता. शाळा लवकर सुटल्याने मी घरीच होते. बघते तर अंगणात पाच-सहा तरुण धावत आले. मागे वळायला जागा नव्हती, पुढे भिंत. मामा चाकांना तेल देत बसले होते. त्यांनी एकदा त्या पोरांच्या पायांकडे पाहिलं, उठून मोठं दार लोटलं आणि म्हणाले, "सदरे काढा."

पोरं बघतच राहिली.

"काढा म्हंतो न्हवं. ते खराटे घ्या. तू बादली घे. फरशी धुवा."

पाचव्या मिनिटाला पोलीस आले. एक जमादार आणि दोन शिपाई. मामांनी मोठ्या दारातली छोटी दिंडी स्वतःच उघडली आणि बाजूला सरून त्यांना आत घेतलं. बनियनवर असलेली पोरं खाली मान घालून इतकं मन लावून दगड घासत होती की त्या जमिनीने घोड्यांच्या काळातही तेवढी स्वच्छता पाहिली नसेल.

"ही कोण?" जमादाराने विचारलं.

"मोतद्दार. घोड्याचं समदं ह्येच बघत्यात."

"घोडा कुठाय?"

"फिराया गेलाय," मामा म्हणाले.

जमादाराने घोडा नसलेल्या कमानीकडे पाहिलं. फिटनीकडे पाहिलं. मग एका पोराच्या पायातल्या बुटांकडे आणि इस्त्रीच्या विजारीकडे पाहिलं. तोही साताऱ्याकडचाच असावा. "पाणी द्या थोडं," एवढंच म्हणाला. प्यायला, तोंड पुसलं आणि शिपायांना घेऊन निघून गेला.

त्या पोरांतला एक विनायक. नायगावला राहणारा, मिलच्या ऑफिसात कारकून, मूळचा मालवणकडचा. दुसऱ्या दिवशी तो मामांचा खराटा परत करायला आला. खराटा तो चुकून हातात घेऊनच गेला होता, हे खरं होतं. तिसऱ्या दिवशी तो मामांचे आभार मानायला आला. त्यानंतरच्या रविवारी आला तेव्हा कारण सांगायचंही विसरला. मामा त्याला चाकांना तेल लावायला बसवत. तो तेल लावता लावता आमच्या दाराकडे बघायचा आणि कुमुदला त्या दिवसांत अंगणात वाळवणं घालायचा फार उत्साह आला होता.

एका संध्याकाळी मामा अण्णांकडे येऊन बसले.

"त्यो नायगावचा पोरगा बरा हाय," म्हणाले.

अण्णांना काहीच माहीत नव्हतं. "कोण पोरगा?"

"त्यादिशी पोलीस मागं लागलं तवा समदी पळत आली. हा म्होरं हुता, दारापत्तूर पोचला हुता. मागं एकजन घसरून पडला, तर ह्यो परत फिरला आनि त्येला उचलून घिऊन आला. भ्यालेलं जनावर मागं बघत न्हाई, अण्णा. ह्येनं बघितलं. पोरीला देयाला हरकत न्हाई."

अण्णांनी पेपराची घडी घातली. मग त्यांनी मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, सगळ्या बग्गीखान्याला माहीत आहे. पुढचं रीतीप्रमाणे झालं. विनायकची आई येऊन कुमुदला बघून गेली, पत्रिका जुळली आणि माघातला मुहूर्त निघाला.

पोरं लपवल्याचं प्रकरण मात्र बंगल्यात पोहोचलं होतं. शेठजींनी मामांना वर बोलावलं. मामांनीच नंतर आम्हाला सांगितलं. शेठजी म्हणाले, आमच्या घरात राहून आमच्याच विरुद्ध असलेल्यांना दार उघडतोस. तुला ठेवायचा कशाला. मामा म्हणाले, दार माझ्या ताब्यात दिलंय, त्याच्या आत येईल त्याला मार पडू देणार नाही, मग तो कुणीही असो. उद्या तुमच्या मागे कुणी लागलं तरी तेच दार लावीन. त्यावर शेठजी आणखी तापले. तेवढ्यात आतल्या खोलीतून थोरल्या बाईंचा आवाज आला, "धोंडी माझा माणूस छे. मी आहे तोपर्यंत राहणार." या बाईंना सगळे 'बा' म्हणायचे. विषय तिथे संपला. पण 'मी आहे तोपर्यंत' हे शब्द मामांनी नीट ऐकले होते.

लग्न दादरला, हिंदमाताजवळच्या एका कार्यालयात होतं. मुहूर्त सकाळचा, अकराला दहा कमी. आणि दोन दिवस आधी त्याच दिवसाचा हरताळ जाहीर झाला.

सकाळी सातला ट्राम बंद, बस बंद, टॅक्सी एकही नाही. लोकल वाटेत अडवल्याची बातमी आली. पाहुणे चालत निघाले. पण नऊवारी शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली नवरी आणि पाय सांभाळून चालणारे अण्णा यांना फणसवाडीहून दादरला चालत कसं न्यायचं? कुमुद गव्हाणीवर बसून राहिली. ती रडत नव्हती, पण मुंडावळीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

मामा सरळ बंगल्यात गेले. बांना म्हणाले, फिटन पाहिजे.

"कोणासाठी?"

"मोतीच्या ठाणातल्या पोरीचं लगीन हाय. दादरला."

बा म्हणाल्या, "गाडी ने. पण मी पण येणार."

शेठजींनी कपाळाला हात लावला. आज हरताळ, वाटेत लालबाग-परळ, सगळी मिलची वस्ती, लोक चिडलेले, आणि तू गुजराती बाई उघड्या गाडीत बसून जाणार? बांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "पन्नास वरस झाली मला मुंबईत येऊन. महालक्ष्मी पाहिली, चौपाटी पाहिली. लालबाग कोणी दाखवलं नाही. धोंडी दाखवेल."

घोडा आला तो भाड्याची घोडागाडी हाकणाऱ्या, व्हिक्टोरियावाल्या करीमभाईंचा. ते मामांचे जुने दोस्त, घोडीचं नाव बिजली. नाव ठेवताना करीमभाईंनी फार मोठी आशा बाळगली असावी. "हरताल में मेरी भी छुट्टी है," ते म्हणाले, "लेकिन शादी का काम छुट्टी में नहीं आता." मामांनी साज चढवला, दिवे पुन्हा पुसले आणि आपला गुलाबी फेटा सोडून नव्याने बांधला. घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. कुमुद म्हणाली, "मामा, उशीर होतोय हो."

"घाई असंल त्येनं..." मामांनी वाक्य अर्धवट सोडलं. त्यांच्या लक्षात आलं की आज ते म्हणणं बरं नाही. "बसा," म्हणाले.

मागच्या गादीवर बा आणि कुमुद, समोर मी आणि अण्णा, वर मामा आणि शेजारी करीमभाई. कित्येक वर्षांनी ती गाडी कमानीखालून बाहेर पडली तेव्हा चाकं जराही करकरली नाहीत. अख्खी फणसवाडी गॅलऱ्यांत उभी होती.

भायखळ्यापर्यंत रस्ता मोकळा होता. इतका मोकळा रस्ता मी मुंबईत आधी कधी पाहिला नव्हता. बा प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. ही चिमणी कशाची, हे भोंगे कधी वाजतात, एका खोलीत किती माणसं राहतात. अण्णा उत्तरं देत होते. आदल्या आठवड्यापर्यंत अण्णा 'ते शेठ लोक' असं म्हणायचे, ते आता बांना मिलच्या पाळ्या समजावून सांगत होते.

लालबागला रस्ता बंद होता. डांबराची पिंपं आडवी टाकलेली, काळे झेंडे, पाचशे तरी माणसं. फिटन बघून एकदम गलका झाला. कुणीतरी म्हणालं, "शेटची गाडी आहे रे." एक आडदांड माणूस पुढे आला आणि त्याने लगाम धरला. बिजलीने मान वर फेकली. कुमुदने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या मनगटावर उमटला.

मामांच्या हातात चाबूक होता. तो त्यांनी पायाशी ठेवून दिला.

"हात काढ, बाबा," ते म्हणाले. "जनावर नवं हाय गाडीला. बावरंल. गाडीत लेकुरवाळी मानसं न्हाईत खरं, पर नवरी हाय. दहा पन्नासचा मुहूर्त हाय. नवरा नायगावचा. तुमच्यातलाच, चळवळीतला."

त्या माणसाने लगाम सोडला, पण वाट दिली नाही. त्याची नजर बांवर होती. पांढरं गुजराती पद्धतीचं लुगडं, कानात हिऱ्याच्या कुड्या. "आणि ह्या बाई कोण?"

मामा काही बोलायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आधी सांगा, मुंबई कुणाची?"

गलका थांबला. मी अण्णांकडे पाहिलं, अण्णा खाली बघत होते. बा मात्र कावऱ्याबावऱ्या झाल्या नाहीत. त्या थोड्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "भाई, मी काय सांगू? पन्नास वरस बंगल्याच्या खिडकीतून पाहिली. इकडे आज पहिल्या वेळा फिरते आहे. आधी मला पाहू द्या तर खरं."

मग पुढचा एक म्हातारा गिरणी कामगार हसला. त्याचं हसणं मागे मागे पसरत गेलं. लगाम धरणाऱ्या माणसानेच पहिलं पिंप ढकललं. "चला, वाट द्या रे, नवरी आहे," असं म्हणत पंचवीस-तीस जण पुढे चालायला लागले. पुढच्या प्रत्येक नाक्यावर तेच सांगत होते, तेच पिंपं हलवत होते. मध्येच ते संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत आणि मध्येच कुणाला तरी आठवण होऊन नवरा-नवरीचा जयजयकार करत. करीमभाई वरून सलाम करत होते. मामा ताठ बसले होते, नजर घोडीच्या दोन कानांच्या मधून सरळ समोर. त्यांची मान एकदाही वळली नाही.

कार्यालयात भटजी नवऱ्याकडच्या पूजेला आणखी चार मंत्र कुठून तरी जोडून वेळ काढत होते. आम्ही पोचलो तेव्हा पाच मिनिटं उरली होती. विनायकची आई दारात आली, फिटन बघितली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गो, माझी सून राजाच्या गाडीतसून इली." बांनी पंगतीत बसून दोन जिलब्या खाल्ल्या, मठ्ठ्याची वाटी पुन्हा मागून घेतली आणि परतीच्या वाटेवर परळला गाडी थांबवून एक चाळ बाहेरून नीट बघितली. मामा जेवायला बसले नाहीत. बिजलीला आधी चारून, पाणी दाखवून, मग तिथेच तिच्याशेजारी उभ्याने त्यांनी पान वाढून घेतलं.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या पावसाळ्यात बा गेल्या. शेठजींनी दिवसकार्य झाल्यावर सगळ्या भाडेकरूंना बोलावून सांगितलं की मागची जागा विकली आहे, तिथे नवी इमारत होणार. त्यांनी वाईट वागवलं नाही. सगळ्यांना दुसरीकडे जागा दिल्या, आम्हाला गिरगावातच मिळाली. फिटन एका सिनेमावाल्याने नेली. तो मामांना म्हणाला, तुम्ही गाडीबरोबर या, काम आहे. मामा म्हणाले, खोट्या रस्त्यावर हाकता येणार नाही मला. त्यांनी ट्रंक उचलली आणि प्रभादेवीला मुलीकडे राहायला गेले. जाताना अण्णांचा पाय बघून गेले.

बग्गीखाना पाडायला घेतला तेव्हा माझ्या शाळेचा रस्ता त्याच्यावरूनच जात होता. दुसऱ्याच दिवशी माडीची फळी निसटून एका मजुराचा खांदा मोडला, असं कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिथून जात होते तर आत, चुन्याच्या धुरळ्यात, तोंडाला फडकं बांधलेले मामा उभे होते. मुलीकडून चालत आले होते. कुणी बोलावलं नव्हतं.

"मामा, तुम्ही इथे?"

"ह्या पोरास्नी ठावं न्हाई," ते म्हणाले. "माडीची तुळई बाहेरनं दिसती तशी न्हाई. मधल्या भित्तीत दोन हात आत गेलीया. ती आधी सोडवली न्हाई तर समदं अंगावर यील. बायाबी हायत खाली पाट्या उचलणाऱ्या."

मुकादम त्यांचं ऐकत होता. मामांनी आधी सगळ्या बायांना बाहेर काढलं. मग भिंतीत एका ठिकाणी काठीने खूण केली, तिथे पहार लावायला सांगितली. दोर कुठून घ्यायचे, कुणी कुठे उभं राहायचं, एकेकाला दाखवलं. मग स्वतः रस्त्यावर आले आणि दोन्ही हात पसरून फुटपाथ अडवला. मी, एक दूधवाला, दोन कॉलेजातल्या मुली, सगळे थांबलो. दूधवाला काहीतरी पुटपुटला. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते मान मागे वळवून आतल्या दोरांकडे बघत होते.

तुळई आधी थोडी हलली. मग सावकाश, एका बाजूने, त्यांनी सांगितल्या जागी उतरली. मागोमाग माडी खाली बसली. पांढरा लोट बाहेर आला आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा मामा डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने माखले होते आणि आत पाहून माणसं मोजत होते. बोटांवर, दोनदा. सगळे होते.

मग त्यांनी हात खाली घेतले.

"जावा आता," ते म्हणाले. "शाळंची येळ झाली."